तात्पर्याच्या पलीकडे : लघुकथेतील आशयसूत्र कसे शोधावे आणि कसे घडवावे

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहिलेली असते, आणि तिच्या शेवटी 'तात्पर्य' असा शब्द लिहून त्यापुढे एक सुभाषितवजा वाक्य जोडलेले असते. त्या वाक्याला गुण मिळत असल्यामुळे गोष्ट ही तात्पर्यापर्यंत नेणारी पायवाट आहे, अशी समजूत मनात घट्ट बसते आणि मोठेपणीही ती सुटत नाही. कथा वाचून झाली की आपण विचारतो, 'लेखकाला यातून काय सांगायचे आहे?' हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटला तरी, लेखकाजवळ एक तयार वाक्य होते आणि ते त्याने मुद्दाम लपवून ठेवले, असे त्यात गृहीत धरलेले असते. असे वाक्य सहसा कुठेच नसते. लेखकाला ते स्वतःलाच ठाऊक असेल, याचीही खात्री नसते.

म्हणून आधी चार शब्द वेगळे करून घ्यावेत. कथेत जे घडते ते कथानक. ती कशाविषयी आहे, तो विषय. त्या विषयाबद्दल कथा आपल्याला जे जाणवून देते, ते आशयसूत्र. वाचकाने कसे वागावे, हे सांगते ते तात्पर्य. विषय एका नामात मावतो: बेकारी, म्हातारपण, मत्सर. आशयसूत्राला मात्र क्रियापद लागते, कारण ते एक विधान असते. 'ही कथा म्हातारपणावर आहे' असे म्हणून जो थांबतो, त्याने कथेचा पत्ता सांगितलेला असतो; आत काय आहे, ते सांगितलेले नसते.

वाचताना : आधी घटना, मग अर्थ

पहिले वाचन पेन्सिलीविना करावे. अधोरेखने, समासातील टिपा आणि प्रतीकांचा शोध हे सारे दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावे. पहिल्या वाचनानंतर कथा मिटून तिचे कथानक पाच-सहा वाक्यांत लिहून काढावे आणि त्यात एकही भाववाचक नाम येऊ देऊ नये. 'शोषण', 'एकाकीपण', 'व्यवस्था' असले शब्द आले की घटना निसटू लागतात आणि आपण आपल्याच मतांचा सारांश लिहू लागतो.

एक परिचित कथा घेऊन हे करून पाहू. अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' पुष्कळांनी वाचलेली असते. तिचे कथानक असे लिहिता येईल: वारणेच्या काठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईत येतो आणि उपनगरातल्या दगडाच्या खाणीत कामाला लागतो. एके दिवशी खाण बंद पडते. बेकार भीमाला स्मशानातल्या राखेत सोन्याची अंगठी सापडते, आणि मग तो रात्री मढी उकरून त्यांच्या अंगावरचे, तोंडातले सोने काढू लागतो. एका रात्री एकाच प्रेतावरून त्याची कोल्ह्यांच्या टोळीशी झुंज होते आणि त्यानंतर त्या प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. दोन बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

आता दुसऱ्या वाचनात एकच गोष्ट पाहावी: कथा कुठे रेंगाळते? कथानकाला एखादे वाक्य पुरले असते, तिथे लेखकाने जास्त जागा दिली असेल, तर तिथे काहीतरी आहे असे समजावे. कोल्ह्यांची झुंज हे असे ठिकाण आहे. घटनाक्रमापुरते पाहिले तर भीमाची बोटे कोल्हे न येताही अडकली असती. पण त्या झुंजीत माणूस आणि जनावर एकाच घासावर हक्क सांगत एकमेकांसमोर उभे राहतात, आणि 'भुकेने माणूस जनावराच्या पंगतीला जातो' हे वाक्य न उच्चारता कथा ते डोळ्यांपुढे आणते.

त्यानंतर पुन्हा पुन्हा येणारी वस्तू किंवा कृती शोधावी. इथे ते हात आहेत. दगड फोडतात ते हात, राख चाळतात ते हात, प्रेत उकरतात ते हात, आणि शेवटी जखमी होतात तेही हातच. ज्या कामासाठी बोटे हवीत ते काम परत येते, तेव्हा नेमकी बोटेच गेलेली असतात. शेवटाचा हा पीळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

कात्री लावून पाहणे

एवढे हाती आल्यावर आशयसूत्र एका वाक्यात लिहून पाहावे, आणि लिहिलेले पहिले वाक्य चुकीचे आहे असे समजूनच त्याची परीक्षा घ्यावी. परीक्षा सोपी आहे. आपले वाक्य खरे मानले, तर कथेतले काय काय कापून टाकता येईल, ते पाहायचे. कापण्याजोगे जितके जास्त निघेल, तितके वाक्य तोकडे.

'लोभाचा शेवट वाईट होतो' हे वाक्य घ्या. शाळेतले तात्पर्य अगदी असेच असते. हे खरे असेल, तर खाण बंद पडण्याचा प्रसंगही नको आणि ती पुन्हा सुरू झाल्याची बातमीही नको. पहिल्यापासून हावरा असलेला कोणताही माणूस नायक म्हणून चालला असता. म्हणजे कथेची सुरुवात आणि शेवट दोन्ही कात्रीखाली गेले. हे वाक्य टाकून द्यावे.

'गरिबी माणसाला गुन्हेगार बनवते' हे त्याहून बरे आहे, कारण त्यात खाण टिकते. पण मग शेवटी पोलिसांनी भीमाला पकडले असते तरी भागले असते. बोटेच का जावीत, आणि त्याच दिवशी बातमी का यावी, याचे उत्तर या वाक्यात नाही.

तिसरा प्रयत्न असा करता येईल: 'अंगमेहनतीवर जगणाऱ्याचे काम हिरावले, तरी त्याच्या अंगातले बळ नाहीसे होत नाही, ते भलत्या ठिकाणी राबू लागते, आणि काम परत मिळते तेव्हा ते बळच खर्ची पडलेले असते.' हे वाक्य लांब आहे, सुभाषित म्हणून भिंतीवर लावण्याजोगे नाही, पण खाण, हात, झुंज, बोटे आणि बातमी यांपैकी काहीही कापू देत नाही. माझ्या मते आशयसूत्र थोडे ओबडधोबडच असावे. ते फार गुळगुळीत झाले, की कथेचे काही कोपरे आपण तासून टाकले, असा संशय घ्यावा.

अजून एक पायरी उरते, आणि बहुतेक वाचक नेमकी तीच गाळतात. आपल्या वाक्याविरुद्ध जाणारा तपशील मुद्दाम शोधायचा. भीमा हा केवळ परिस्थितीचा बळी आहे, असे आपले वाक्य सुचवते. पण सोने सापडल्यावर तो हरखतो आणि या नव्या धंद्यात रमतोही. हा तपशील आपल्या वाक्यात नीट बसत नाही. अशा वेळी तपशील दडपू नये. 'भलत्या ठिकाणी राबू लागते' याच्यापुढे 'आणि त्यात त्याला गोडीही लागते' असे जोडून वाक्य थोडे सैल करावे. चांगली कथा आपल्या विधानाला पूर्णपणे कधीच शरण येत नाही.

लेखकाचे चरित्र या टप्प्यावर उघडावे, त्याआधी नाही. अण्णाभाऊ (१९२०–१९६९) वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावचे. मुंबईत येऊन त्यांनी स्वतः कष्टाची कामे केली. खाणीतला मजूर आतून का दिसतो, हे त्यावरून उलगडते. पण चरित्र आधी वाचले, तर कथेतला भीमा आपल्याला भेटतच नाही. भेटतो तो 'श्रमिकांचा प्रतिनिधी'.

न बोललेले कुठे असते

'शब्दांत नसलेला अर्थ' या कल्पनेसाठी फार दूर जावे लागत नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात 'ध्वनी' म्हणून तिची मांडणी केली, आणि शाळेच्या व्याकरणात अभिधा (सरळ अर्थ) आणि लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यायचा अर्थ) यांच्या जोडीने व्यंजना (सुचवलेला अर्थ) या नावाने आपण तीच पाठ केली. मम्मट या काव्यशास्त्रकाराच्या 'काव्यप्रकाशा'तले जुने उदाहरण कथाकाराने टेबलासमोर चिकटवून ठेवावे असे आहे. 'सूर्य मावळला' एवढेच वाक्य. गुराख्याला त्याचा अर्थ 'गुरे घरी न्या' असा होतो, प्रियकराला भेटायला निघालेल्या स्त्रीला 'आता निघायला हरकत नाही' असा, कष्टकऱ्याला 'काम आटपा' असा, आणि संध्येला बसणाऱ्याला 'वेळ झाली' असा.

यातून वाचकाने एक आणि लेखकाने एक गोष्ट उचलावी. वाचकाने हे लक्षात घ्यावे की अर्थ वाक्यात साठवलेला नसून कोण, कुणाला, कधी बोलते यात असतो. त्यामुळे 'पाऊस म्हणजे दुःख', 'पिंपळ म्हणजे मृत्यू' अशी प्रतीकांची कोष्टके निरुपयोगी आहेत. कथेत पाऊस पडतो, तेव्हा पुष्कळदा जूनच असतो. एखादी वस्तू दोन-तीनदा येऊन प्रत्येक वेळी तिचे वजन बदलले, तरच तिच्याकडे प्रतीक म्हणून पाहावे. लेखकाने हे लक्षात घ्यावे की साधे वाक्य बोलके करायचे, तर ते सजवण्याने होत नाही. ते ऐकणारा कोण, हे आधी पक्के उभे करावे लागते.

मराठीत अशा न बोललेल्या अर्थाचा एक मोठा साठा संबोधनांत असतो, आणि मराठी कथेकडे पाहताना तो हमखास दुर्लक्षिला जातो. बायको 'अहो' म्हणता म्हणता एखाद्या प्रसंगी काहीच न म्हणता थेट बोलू लागली; मुलगा वडिलांना 'तुम्ही'ऐवजी 'तू' म्हणाला; साहेबाने शिपायाला नोकरीच्या शेवटच्या दिवशी पहिल्यांदा 'अहोजाहो' केले; निवेदक इतका वेळ 'दादा आले' असे लिहीत होता आणि एका परिच्छेदात 'दादा आला' असे लिहून गेला. या प्रत्येक ठिकाणी नाते सरकलेले असते. बोलीचेही तसेच. घरात बोलीत बोलणारे पात्र तहसील कचेरीच्या खिडकीशी जाऊन अवघडलेल्या प्रमाण मराठीत बोलू लागते, तेव्हा त्या एका वाक्यात सत्ता, लाज आणि शिक्षण हे तिन्ही विषय येऊन गेलेले असतात. दुसऱ्या वाचनात अशा जागांवर खुणा केल्या, तर आशयसूत्राचा निम्मा पुरावा तिथेच मिळतो.

कथा कोणत्या काळातली आहे, यावरही शोधाची जागा बदलते. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्यातल्या 'स्फुट गोष्टीं'त अर्थ बराचसा निवेदकाच्या तोंडी असतो. पुढे तंत्राला महत्त्व आले, तेव्हा तो शेवटच्या कलाटणीत गोळा झाला. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने कलाटणीचे ओझे उतरवले, आणि अर्थ साऱ्या कथाभर विखुरला. नवकथा वाचताना शेवटच्या पानावर अर्थाची वाट पाहणारा वाचक म्हणूनच 'यात काही घडतच नाही' असे म्हणत उठतो.

आणि अर्थ उघड बोललेला असला म्हणजे कथा कच्ची, असेही समजू नये. बाबुराव बागूल यांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. रेल्वेत नोकरी धरताना जात न सांगणाऱ्या आणि ती उघड झाल्यावर मार खाणाऱ्या तरुणाची ही शीर्षककथा. इथे विषय शीर्षकातच जाहीर केला आहे. तरी 'चोरली' या क्रियापदात ध्वनी, म्हणजे न बोललेला अर्थ, शिल्लक आहेच. ज्याचे सर्वस्व लुटले गेले, त्यानेच स्वतःला चोर म्हणावे, ही भाषा त्याला कुणी दिली, हा प्रश्न कथा संपल्यावरही संपत नाही.

लिहिताना : आशयसूत्र शेवटी यावे

लिहिण्याचा क्रम वाचनाच्या नेमका उलट असावा असे वाटते, पण तसे नाही. आशयसूत्र आधी ठरवून त्यावर कथा बेतली, की पात्रे त्या वाक्याचे वकील होतात. कथाबीज म्हणून हाती असावे ते एखादे दृश्य, एखादा माणूस, एखादी विसंगती. पहिला खर्डा त्याच्या मागे जाऊन पूर्ण करावा. मग तो निदान आठवडाभर बाजूला ठेवावा, आणि परक्याची कथा असल्यासारखा त्याला वरचा सारा प्रयोग लावावा: कथानक पाच वाक्यांत, कुठे रेंगाळलो, काय परत परत आले, कात्री.

उदाहरणासाठी एक बीज घेऊ. एसटीचा निवृत्त कंडक्टर, मुलाकडे पुण्यात राहायला आला आहे. एवढेच. पहिल्या खर्ड्यात हमखास असा परिच्छेद उतरतो:

'निवृत्त झाल्यापासून अण्णांना फार एकाकी वाटत होते. आयुष्यभर पैशांचा चोख हिशेब ठेवलेल्या माणसाला आता कोणी काही विचारीत नव्हते. माणसाला पैसा नको असतो, किंमत हवी असते, असा विचार त्यांच्या मनात आला.'

यात चूक काही नाही. फक्त कथा संपून गेली आहे. वाचकासाठी काही उरलेले नाही. पण खर्डा वाया गेला, असेही नाही, कारण त्यात 'हिशेब' हा शब्द आपण होऊन आला आहे. लेखकाने तो हेरावा. कंडक्टरचा दिवस वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुरे करून आणि डेपोत रोकड भरून संपतो. कमी पडले तर खिशातून घालावे लागतात. म्हणजे रोज संध्याकाळी कुणीतरी त्याच्याकडून हिशेब घेत होते. आता घेत नाही. इथे आशयसूत्राचे पहिले रूप दिसते: 'ज्याला हिशेब देण्याची सवय आहे, त्याला कुणी हिशेब न मागणे हाच अपमान वाटतो, मग न मागणाऱ्याच्या मनात प्रेम का असेना.' हे वाक्य वहीत लिहून वही मिटावी. ते कथेत येता कामा नये. आता तोच परिच्छेद असा होऊ शकतो:

'अण्णांनी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि खिशातून चिठ्ठी काढली. मेथी वीस, टोमॅटो तीस, कोथिंबीर दहा. पाचशेतले चारशे चाळीस परत.

"मोजून घे."

"राहू द्या हो, अण्णा. तुमच्याकडे कसला हिशेब मागायचा?" सुनीलने फोनवरची नजर काढली नाही.

अण्णांनी पैसे टीव्हीखालच्या कपाटावर ठेवले. तिथे मंगळवारचे दोनशे दहा तसेच पडले होते. त्यांनी दोन्ही रकमा वेगवेगळ्या लावल्या आणि मधे चिठ्ठी घातली.'

इथे काय बदलले, ते जरा जवळून पाहू. 'एकाकी' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी मंगळवारचे न उचललेले पैसे आले. सुनील वाईट वागत नाही; 'राहू द्या हो' यातला 'हो' मायेचा आहे, आणि दुखते ते त्या मायेमुळेच. तो तुसडेपणाने बोलला असता, तर कथा 'कृतघ्न मुलगा' या ठरीव खाचेत जाऊन पडली असती. रकमा वेगळ्या लावण्याची कृती अण्णांच्या धंद्यातून येते, म्हणून ती प्रतीक वाटण्याआधी सवय वाटते. सवय वाटली नाही, तर वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

दुसरा खर्डा करताना याच सूत्राने बाकीची कथा चाळावी. अण्णा पहाटे चारला उठतात, हा तपशील निवृत्तीचा आहे, हिशेबाचा नाही. कितीही चांगला उतरला असला तरी तो बहुधा जाईल. नातवाला बसच्या घंटीची दोरी कशी ओढायची, हे शिकवण्याचा प्रसंग मात्र ठेवण्याजोगा आहे. एक ओढली की थांबा, 'डबल बेल' दिली की निघा; कुणाच्या तरी हालचालीचा हुकूम या माणसाच्या हाती होता, हे त्यात आपोआप येते. सूत्र हे असे चाळणीसारखे वापरावे. त्याने नवे प्रसंग पाडू लागलात, की पुन्हा तात्पर्याकडे घसरण सुरू होते.

घसरणीच्या जागा ठरलेल्या आहेत. शेवटचा परिच्छेद ही पहिली जागा. तो झाकून कथा वाचावी आणि ती आधीच्या परिच्छेदावर संपते का, ते पाहावे. नवख्या लेखकांच्या खर्ड्यांत निम्म्याहून अधिक वेळा ती तिथेच संपलेली असते, असा माझा अनुभव आहे. दुसरी जागा म्हणजे शहाणे पात्र: पारावरचा म्हातारा, गावची मास्तरीण, रिक्षावाला, जो दोन वाक्यांत जगाचे मर्म सांगून निघून जातो. तिसरी, शेवटी सापडणारे पत्र किंवा डायरी. चौथी म्हणजे शीर्षक. वरच्या कथेला 'हिशेब' हे नाव सुचते, आणि ते टाळावे. शीर्षकाने सूत्राचे नाव घेतले, की वाचक पहिल्या ओळीपासून पुरावे गोळा करू लागतो. 'चारशे चाळीस' हे अधिक बरे, कारण ते काय आहे, हे वाचकाला त्या प्रसंगाशी आल्यावरच कळते.

खर्डा तयार झाला की तो वाचायला देताना 'आवडली का?' असे विचारू नये. त्याचे उत्तर 'छान आहे' असेच येते. 'यातून काय कळले?' असेही विचारू नये, कारण त्याने वाचणारा पुन्हा शाळेच्या बाकावर जाऊन बसतो. कथा हातातून काढून घ्यावी आणि म्हणावे, 'काय काय झाले, तेवढे सांग.' वाचणाऱ्याने भाजी, चिठ्ठी, पैसे असे सांगत जाऊन शेवटी आपण होऊन 'आणि ते मंगळवारचे पैसे तसेच होते ना' असे म्हटले, तर खर्ड्याला हात लावू नये. तो त्या पैशांशी न येताच पुढे गेला, तर मंगळवारचे दोनशे दहा मंगळवारीच, कथेच्या पहिल्या पानावर, कपाटावर ठेवले जाताना दिसायला हवे होते.